साडेसहाचा हिरवा चहा

गुरुशांत दुलंगे यांनी एकतीस वर्षं विज्ञानाची भांडी घासली. यात अतिशयोक्ती काही नाही. सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात ते प्रयोगशाळा परिचर होते. म्हणजे प्रयोग मॅडम करायच्या आणि प्रयोग झाल्यावर जे काही उरायचं ते दुलंगेमामा धुवायचे. कॉलेजात परिचराला मामाच म्हणतात. भाचे दर चार वर्षांनी बदलतात, मामा तोच राहतो. काचेच्या नळ्या, चंचुपात्रं, झाकणाच्या बशा. आधी साबण, मग नळाचं पाणी, मग शुद्ध पाण्यानं तीनदा. "दोनदा धुतलं की भांडं स्वच्छ होतं, तिसऱ्यांदा धुतलं की मॅडमचा विश्वास बसतो," असं ते म्हणत. घरी आणि बाळीवेशीत मात्र त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, तेव्हा आपणही अण्णाच म्हणू.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी दाक्षायणी मॅडमनी एक प्रयोग मांडला होता. पुण्याहून बर्फात घालून यकृताच्या पेशी आणल्या, त्यांना बशांमधून वाढवलं आणि बशांच्या तीन रांगा केल्या. पहिल्या रांगेत पेशींना नुसतं त्यांचं खाणं. दुसरीत दारू. तिसरीत आधी ग्रीन टीमधून काढलेला अर्क, आणि काही तासांनी तेवढीच दारू. दुसऱ्या दिवशी मॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. अण्णा बशा न्यायला आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मामा, इतकी वर्षं धुताय. एकदा आत काय असतं ते बघा तरी."

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं. दारूच्या बशीतल्या पेशी हुरड्याच्या आगटीत विसरून राहिलेल्या दाण्यांसारख्या झाल्या होत्या, आखडलेल्या, एकमेकींपासून सुटलेल्या. चहाच्या बशीत मात्र भरल्या कणसासारख्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या. मधे एखादी गळालेली, पण कणीस म्हणून कणीस होतं. पहिली बशी त्यांनी पाहिलीच नाही. त्यात काही घातलंच नव्हतं, मग बघायचं काय?

"मॅडम, दारू दोन्हीत तेवढीच?"

"थेंबसुद्धा कमी नाही."

"आणि तरी वाचल्या?"

"बऱ्याचशा."

अण्णा बशा घेऊन मोरीपाशी गेले आणि त्या दिवशी त्यांनी प्रत्येक बशी चारदा धुतली. सगळ्या सोलापुरात त्यांना काळजी एकाच यकृताची होती. ते त्यांच्या धाकट्या भावाचं, बसवराजचं होतं.

बसू अण्णांपेक्षा नऊ वर्षांनी लहान. बाळीवेशीत त्याचं शेंगा चटणीचं कांडप. शेंगा चटणी वाटायची नसते, कांडायची असते, तेल सुटेपर्यंत. हे बसूला वडिलांनी शिकवलं आणि त्याच्या हाताला ती चव बसली. त्याची चटणी किराणा दुकानात जायची, मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या पिशवीत जायची, आणि सात रस्त्याजवळच्या एका परमिट रूममध्येही जायची. त्या परमिट रूमचं नाव एका देवाचं आहे, म्हणून इथे घेत नाही. संध्याकाळी डबा पोचवायला बसू स्वतः जायचा. चटणी पोचवायला गेलेला माणूस ती कशाबरोबर खातात याची चौकशी कधीतरी करणारच. बसूनं ती केली. नंतर ती रोजच करायला लागला.

दुलंग्यांच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलेलं नव्हतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सोमवारी उपास. कळल्यावर अण्णांनी थोरल्या भावानं करायचं ते केलं. सगळ्यांना बसवलं, बसूचा हात त्याच्याच गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. बसूनं रडत रडत घेतली. शपथ नऊ दिवस टिकली.

त्यानंतर साडेतीन वर्षं बसूनं अण्णांना तोंड दाखवलं नाही. भांडण काही नव्हतं, नुसती लाज. जिथं अण्णा, तिथून बसू गायब. गड्ड्याच्या जत्रेत एकदा अण्णा समोरून येताना दिसले, तर बसू समोरच्या मोठ्या पाळण्यात चढून बसला. लहानपणापासून त्याला पाळण्याची भीती. तरी अण्णा लांब जाईपर्यंत चार फेऱ्या डोळे मिटून फिरला.

मग फाल्गुनात एक दिवस बसूच्या बायकोचा, शरणम्माचा, फोन आला. "भावजी, ह्यांचे डोळे हळदीसारखे झालेत. डॉक्टरनं लिव्हर सांगितलंय. तुमी एकदा या की."

अण्णा गेले. बसू भिंतीकडे तोंड करून पडला होता. पाठ तेवढी ओळखीची होती. डॉक्टरांनी सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. दारू सोडा, नाहीतर फार दिवस नाहीत. अण्णांनी 'सोड' म्हणायला तोंड उघडलं. पण हा शब्द त्यांनी एकदा वापरून पाहिला होता, आणि त्याच्यापायी साडेतीन वर्षं भाऊ गेला होता. आता भाऊ हाताच्या अंतरावर होता. अण्णांनी तो शब्द गिळला आणि म्हणाले,

"बसू, चहा घेशील का?"

बसूनं मान वळवली. पिवळ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "चहा?"

"हिरवा असतो एक. आमच्या मॅडमनी प्रयोग केलाय. आधी तो घेतला की मग दारू बाधत नाही तेवढी. मी डोळ्यांनी बघितलंय."

"म्हंजे दारू सोडायची न्हाय?"

अण्णांनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. "आधी चहा घ्यायचा, एवढंच."

माणूस शपथ मोडतो. सवलत कुणी मोडल्याचं ऐकिवात नाही. बसू उठून बसला.

अण्णांनी जुळे सोलापूर भागातल्या एका मोठ्या दुकानातून ग्रीन टीचा डबा आणला. त्यांच्या पत्नी सिद्धेश्वरीबाईंनी आयुष्यात चहाला उकळल्याशिवाय सोडलेलं नव्हतं. त्यांनी तो आलं, साखर, दूध घालून उतू जाईपर्यंत उकळला. पातेल्यात पोतेरं पिळल्यासारखा रंग आला. अण्णांनी तो ओतून दिला आणि कॉलेजातून निरोपाच्या वेळी हळूच आणलेला तापमापक काढला. ऐंशी अंश पाणी, तीन मिनिटं, पानं बाहेर.

"दूध नाही, साखर नाही, उकळायचं पण नाही," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "अहो, मग याला चहा कशाला म्हणायचं? अंघोळीचं पाणी म्हणा की."

पण खरी अडचण वेगळीच होती. प्रयोगात क्रम होता. आधी चहा, मग दारू. सकाळी चहा घेऊन संध्याकाळी दारू, हे काही शास्त्रशुद्ध नव्हे. बसू प्यायला बसायचा सातला, परमिट रूममध्ये. तेव्हा चहा तिथंच, साडेसहाला, पोचायला हवा होता.

असे गुरुशांतअण्णा, वय बासष्ट, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, हातात थर्मास, एका संध्याकाळी परमिट रूमच्या दारात उभे राहिले. आत जायचा धीर होईना. शेवटी वेटर बाहेर आला. इंद्रजीत त्याचं नाव. अकलूजकडचा, पन्नाशीचा, मिशी पांढरी झालेला.

"काका, आत या की. भाईर हुबं ऱ्हायलाय, लोकास्नी वाटतंय कुणाला तरी धरायला आलाय. तिघं तुमास्नी बघून माघारी गेलं."

अण्णा आत गेले. कोपऱ्यात बसू बसला होता. त्यानं खुर्ची सरकवली.

"काय घेनार?" इंद्रजीतनं विचारलं.

"एक रिकामा कप."

"कप? काका, हितं कप कुटला आलाय. गिलास हाय."

मग ग्लासात चहा ओतला गेला, आणि तो पिवळसर चहा हुबेहूब पाणी घातलेल्या व्हिस्कीसारखा दिसला. नेमके तेव्हाच मठाच्या कमिटीतले एक सद्गृहस्थ पार्सल न्यायला आले होते. पार्सल कशाचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी बाळीवेशीत बोलणं झालं की थोरलाही प्यायला लागला. अण्णांनी खुलासा केला नाही. बदनामी ही काय, तीनदा धुतली तरी जात नाही. मग एकदाही कशाला धुवा?

बसूनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू हाय की."

"औषध आहे."

"मग बराबर हाय. औषध घेतल्यावर तोंडाला चव पायजे." आणि त्यानं इंद्रजीतला खूण केली.

तेव्हापासून रोज. साडेसहाला थर्मास, सातला क्वार्टर, आठला अण्णा स्कूटरला किक मारायचे. मधला दीड तास दोघं भाऊ बोलत बसायचे. अण्णांनी हे कुणाला सांगितलं नसतं, पण त्यांच्या निवृत्तीतले ते सगळ्यात चांगले महिने होते. अक्कलकोटकडचं गाव, विहिरीत पडलेली म्हैस, अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातची कडक भाकरी, सगळं त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आलं. बोलता बोलता मराठीचं कन्नड व्हायचं आणि हसू आलं की कन्नडचं परत मराठी.

"गड्ड्यात तू पाळण्यात होतास ना रे?" अण्णांनी एकदा विचारलं.

बसूचा घास हातातच राहिला. "तुला दिसलो?"

"चार फेऱ्या. खाली रसाच्या गाड्याआड उभा राहून मोजत होतो."

"मग हाक का न्हाय मारलीस?"

"तू वरून ओकशील म्हणून."

बसू इतका हसला की चटणीचा ठसका लागला. अण्णा त्याची पाठ चोळत राहिले. ठसका थांबल्यावरही हात थोडा वेळ तिथंच राहिला.

बातमी टेबलाटेबलांवरून फिरली. टॉवेलच्या कारखान्यात मागांवर देखरेख करणारा एक जॉबर, एक निवृत्त तलाठी आणि एक विमा एजंट असे तिघं आपापले ग्लास घेऊन आले. "डॉक्टर, आमाला बी दोन घोट." अण्णा डॉक्टर झाले. दुसरा थर्मास आला. विमा एजंटानं तर धंद्याच्या भाषेतच सांगितलं, "बरं झालं बघा, डॉक्टर. पॉलिसी काढल्यासारखं वाटतंय. आधी क्वार्टरच्या पुढं भीती वाटायची." आता वाटत नव्हती. तलाठ्यालाही वाटत नव्हती. क्वार्टरच्या हाफ झाल्या. मालक खूश होऊन डॉक्टरांच्या टेबलावर फुकट शेंगदाणे पाठवू लागला. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला या निष्कर्षात काहीतरी चुकतंय हे दिसायला हवं होतं. पण अण्णांचं काम निष्कर्ष काढण्याचं कधीच नव्हतं. ते भांडी धुवायचे.

श्रावण लागला आणि एक नवल झालं. बसूनं आपण होऊन बाटली बंद केली. शरणम्मानं फोन करून सांगितलं, "भावजी, परवापासून घरीच हायेत. हात थरथरतोय, पण घेतली न्हाय."

अण्णांनी देवापुढं साखर ठेवली. मग शांतपणे विचार केला. दारू नाही, म्हणजे चहाची गरज नाही. चहा दारूच्या आधी द्यायचा असतो, आणि दारूच नसेल तर आधी कशाच्या? शास्त्राला धरून ते साडेसहाला घरीच राहिले. सिद्धेश्वरीबाईंबरोबर मालिका बघितली. मालिकेत एक सून सारखी रडत होती. अण्णांना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं, तरी तेही उदास झाले.

सहाव्या दिवशी सहाला फोन वाजला. बसू होता. "अण्णा, थर्मास घेऊन ये."

"परत बसलास?"

"हं."

अण्णांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. ते स्वयंपाकघरात पाणी तापवायला गेले. तापमापक पातेल्यात धरून ते मठात म्हणतात त्यातलं एक वचन गुणगुणत होते. ते सिद्धेश्वरीबाईंनी ऐकलं, आणि धुतलेला थर्मास पुढं केला.

दिवाळी झाली आणि बसूचे पाय सुजले. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि भरायलाच तयार नसायचा. पोट पुढं आलं, हात काडीसारखे झाले. शर्टाची वरची बटणं लागायची, खालची नाही. अण्णांना वाटलं, चहा कमी पडतोय. मॅडम अर्क वापरायच्या, आपण नुसतं पानांचं पाणी देतोय. गोळ्या मिळत असतील तर विचारावं. ते कॉलेजात गेले.

दाक्षायणी मॅडम आता विभागप्रमुख होत्या. उठून उभ्या राहिल्या. "मामा! बसा, बसा. चहा सांगते."

"नको मॅडम. डोस विचारायला आलोय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. इतकं बारकाईनं, इतक्या ओळीनं सांगितलं की विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीत लिहावं तर असं.

मॅडम ऐकत होत्या. मग विचारलं, "पितात किती?"

"आधी क्वार्टर होती."

"आणि आता?"

अण्णा खिडकीकडे बघायला लागले. "आता हाफ."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मामा, माझ्या बशीतल्या पेशींना मी दारू किती वेळ दिली होती?"

"एक दिवस."

"आणि मग?"

"मग मी बशा धुतल्या."

"तेच. दुसऱ्या दिवशी त्यांना दारू कुणीच दिली नाही. आणि वाचलेल्यांचं पुढं काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मी त्या मोजल्या आणि टाकल्या. प्रबंधाला तेवढंच लागतं." त्यांनी आवाज मऊ केला. "बशीत अर्क थेट पेशीवर पडतो, मामा. माणसाला पोट आहे, आतडं आहे. चहातलं यकृतापर्यंत किती पोचतं, कोण जाणे. आणि गोळ्या तर मुळीच देऊ नका. त्या अर्कानंच कुणाकुणाचं यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. ज्याचं आधीच गेलंय त्याला तर..."

अण्णांनी मान हलवली. ते उठून दारापर्यंत गेले. मॅडमनी मागून विचारलं, "मामा, त्या दिवशी पहिली बशी बघितली होती तुम्ही?"

"नाही. तिच्यात काही घातलं नव्हतं ना."

"सगळ्यात छान पेशी तिच्यात होत्या."

अण्णा पायऱ्या उतरले. खाली मोरीपाशी नवा परिचर काचा धूत होता. घाई होती बिचाऱ्याला, एकदाच धूत होता.

त्या संध्याकाळीही ते साडेसहाला पोचले. थर्मासही होता, हाताला इतकी सवय होती की तो त्यानं उचललाच. बसूनं खुर्ची पायानं सरकवायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग हातानं सरकवली. चपला त्यानं टेबलाखाली काढून ठेवल्या होत्या. सुजेमुळं त्या आता पायात राहत नव्हत्या.

"ओत की," बसू म्हणाला.

अण्णांनी झाकण उघडलं नाही. "बसू, या चहानं काही होत नाही. मी मॅडमना विचारून आलो. चूक माझी आहे." मग त्यांनी आठ महिन्यांपूर्वी गिळलेला शब्द बाहेर काढला. "सोड तू."

आणि ते वाट बघत बसले, बसू आता उठेल, पाठ करेल, आणि पुन्हा दिसणार नाही याची.

बसू उठला नाही. टेबलावरच्या ओल्या गोल डागावरून बोट फिरवत राहिला. "सोडली होती की मी," तो म्हणाला. "श्रावणात. पाच दिवस."

"माहीत आहे."

"साडेसहाला शर्ट घालून दाराशी बसायचो. शरणम्मा म्हनायची, कुनाची वाट बघताय? म्हटलं, अण्णा येईल." बोट फिरतच होतं. "तू आलाच न्हाईस."

"अरे, तू पीत नव्हतास. मग चहा कशाला..."

"तेच की. मी पीत नसलो तर तू कशाला येशील? मग म्हटलं, परत बसू प्यायला."

त्यानं हे रागानं म्हटलं नाही. आज चटणीत मीठ थोडं जास्त झालंय, असं म्हणावं तसं म्हटलं. अण्णांच्या हातात थर्मासचं झाकण होतं. ते त्यांनी घट्ट फिरवलं, मग आणखी घट्ट फिरवलं, आता ते फिरत नव्हतं तरी.

इंद्रजीत आला. "बसूशेट, हाफ आनू नव्हं?"

"नको," बसू म्हणाला. "घरी जातो. अण्णाच्या गाडीवर."

इंद्रजीतनं दोघांकडं पाहिलं. टेबलाखाली वाकून त्यानं बसूच्या चपला उचलल्या आणि स्कूटरपर्यंत हातात घेऊन आला. बसू मागं बसला. त्यानं लहानपणी सायकलवर धरायचा तसा अण्णांचा शर्ट दोन्ही हातांनी धरला. अण्णांनी जुनी स्कूटर त्या दिवशी इतकी हळू चालवली की सात रस्त्यावर रिक्षावाल्यांनी त्यांना दोन भाषांत शिव्या दिल्या. तिसरी भाषाही होती, पण ती दोघांनाही येत नव्हती.

बसूनं त्या दिवसापासून दारूला हात लावला नाही. हे लिहून ठेवायला हवं, कारण कुणी लिहिलेलं नाही. चौथ्या दिवशी तो भ्रमिष्टासारखं बोलायला लागला, म्हणून दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं कागद पुढं घेऊन विचारलं, "दारू घेतात का?"

शरणम्मानं सवयीनं पदर सावरला. "न्हाय हो. आमच्यात कुनी घेत न्हाईत. लिंगायत हाय आमी."

इतके दिवस हे उत्तर सगळीकडं चालत आलं होतं. डॉक्टर लिहायला लागला. अण्णा पुढं झाले. "थांबा. लिहा. रोज एक हाफ, गेले काही महिने. आधी क्वार्टर, सात-आठ वर्षं. आणि त्याच्याआधी एक ग्लास ग्रीन टी. तो मी द्यायचो."

डॉक्टरनं पहिल्या दोन गोष्टी लिहिल्या. तिसरी लिहिली नाही. अण्णांनी मान लांब करून पाहिलं. ती लिहावी असं त्यांना फार वाटत होतं.

शरणम्मा मागं भिंतीला टेकून उभी होती. सगळ्यांदेखत खरं बोललं गेलं म्हणून ती रडली, की ते बोलायला एवढा उशीर झाला म्हणून, ते तिनं सांगितलं नाही.

बसू त्यानंतर एकोणीस दिवस जगला. भ्रम पहिल्याच संध्याकाळी उतरला, मधे दोन दिवस तर तो चक्क बरा दिसला, कांडपाला कुणी कुलूप लावलं का म्हणून चौकशी केली. पण पोटातलं पाणी काढलं की पुन्हा भरायचं. डॉक्टरांनी त्याचं पाणी ठरवून दिलं होतं; दिवसभरात इतकंच, सगळं धरून. मापाचा एक प्लास्टिकचा पेला उशाशी असायचा. अण्णा तो रोज धुवायचे. तीनदा.

परमिट रूममधली मंडळी येऊन गेली. जॉबरनं शहाळी आणली, ती चालत नव्हती, परत नेली. विमा एजंट व्हरांड्यात अण्णांना बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, वेळ न्हाय विचारायची, पण आमचा चहा? दोन आठवडे झाले, कसंतरीच वाटतंय."

"सोडा," अण्णा म्हणाले.

"चहा?"

"दारू."

एजंटाचा चेहरा उतरला. माणूस धीर द्यायला आला होता. अण्णांना आता तो शब्द सहज म्हणता येत होता. व्हरांड्यात, जिन्यात, रिक्षात, कुणालाही. त्यात काही अडचण नव्हती.

बाकी दिवसभर शरणम्मा बसूजवळ असायची. साडेसहाला अण्णा यायचे, मग ती खाली जाऊन दोन घास खाऊन यायची. पहिल्या दिवशी अण्णा दारात जरा घोटाळले. हातात काहीच नव्हतं. पाण्याचं माप ठरलेलं, खाण्याचं पथ्य, फुलं न्यायची चाल आपल्यात नाही. रिकाम्या हातांचं काय करावं कळेना, तेव्हा ते पाठीमागं बांधले.

बसूनं डोळे उघडले. ते आता पिकल्या लिंबासारखे होते. "काय आणलंस?"

"काही नाही रे आज."

बसूनं खाटेवरचा पाय, तो जड, सुजलेला पाय, दोन्ही हातांनी उचलून पलीकडं ठेवला आणि कडेला वीतभर जागा केली.

"कुंद्रु मग," तो अव्वाच्या भाषेत म्हणाला.

अण्णा बसले. त्या दिवशी आठपर्यंत, आणि पुढचे अठरा दिवसही.